चार बोटांची टोपी

१२ नोव्हेंबर, बुधवार

डाव्या हाताने लिहितो आहे, म्हणून थोडक्यात. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

अनंत चतुर्दशीला गणपती गेले आणि दुसऱ्या दिवशी माझा उजवा हात गेला. दात घासताना ब्रश खाली पडला, तो उचलता येईना. अर्धांगाचा झटका. पाय वाचला, तोंड वाचलं. इंदू म्हणते, तोंड जरा जास्तच वाचलं. नगरच्या कोर्टात आयुष्यभर कारकुनी केली, भल्याभल्या वकिलांना तारखांसाठी ताटकळत ठेवलं, आणि आता माझ्या शर्टाची बटणं बायको लावते.

व्यायाम करून घेणारी मोनिका आज रागावली. मी स्पंजचा चेंडू दाबत नाही म्हणून. म्हटलं, चेंडू दाबून निघतं काय? म्हणाली, "काका, पुढच्या वेळी ज्यातून काहीतरी निघेल असंच आणते."

१५ नोव्हेंबर, शनिवार

मोनिकाने प्लास्टिकचं एक कडं आणलं. ताटलीएवढं, काठावर उभ्या खुंट्या. याला लूम म्हणतात म्हणे. लोकर एकेका खुंटीला गुंडाळायची आणि हुकने खालचा फास उचलून खुंटीवरून मागे टाकून द्यायचा. अशी फेरी पुरी झाली की एक ओळ. ओळींवर ओळी चढल्या की कड्याच्या पोटातून टोपी खाली लोंबायला लागते.

"मोनिका, सहासष्ट वर्षांच्या माणसाला तू विणायला बसवतेस?"

"काका, बोटांना हेच पाहिजे. धरायचं, उचलायचं, सोडायचं. नवशिक्या माणसाला टोपीइतकं सोपं काही नाही."

इंदू दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. हिने दोन सुयांवर सगळ्या गोतावळ्याचे स्वेटर विणले आहेत. मी कधी लोकरीचा गुंडासुद्धा धरून दिला नाही.

दोघींना बजावलं, की ही एकच टोपी. टोपी झाली की कडं आणि चेंडू दोन्ही माळ्यावर. निकाल अंतिम, अपील नाही. मोनिकाने इंदूकडे पाहिलं, इंदूने मोनिकाकडे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फास सुटतो. हुक पडतो. हुक उचलायला वाकावं तर कडं पडतं. घाम फुटला.

छबूबाई भांडी घासायला आली, बघत उभी राहिली. "काका, ह्ये काय नवीन? बायांवानी इनाया बसले व्हय?"

म्हटलं, तू तुझी भांडी बघ. पण ओळ पुरी केली.

२४ नोव्हेंबर, सोमवार

काठ झाला. तो आत दुमडून त्याचे खालचे फास पुन्हा खुंट्यांवर चढवायचे, म्हणजे कानावर दुहेरी पट्टा येतो. चढवायला इंदूने मदत केली. हिची बोटं भराभर चालतात आणि माझी मेली विचार करून हलतात.

मोनिकाने उलट टाका शिकवला. लोकर फासाच्या खाली धरायची, हुक वरून आत घालायचा, लोकरीचा नवा फास ओढून काढायचा, मग जुना सोडून नवा खुंटीवर चढवायचा. काही ओळी सुलट, काही ओळी उलट. उलट ओळींचा पट्टा वर उठून येतो, हाताला लागतो. साधी टोपी कुणीही करील म्हणाली, काकांची उठावाची होऊ द्या. मी सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा बसतो. ओळी मोजू नका असं तिनेच सांगितलंय, मोजलं की माणूस घाई करतो.

खरं लिहायचं तर मजा येते. इंदूला सांगणार नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी झोपलंच पाहिजे असा इंदूचा नवा हुकूम. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. मला काही सांगितलेलं आठवत नाही. जेवणात कढीभात आणि वर गूळपोळी, मग झोप न येऊन सांगते कुणाला? उठल्यावर बघतो तर ही आरामखुर्चीत, पदराला करड्या लोकरीचे तंतू. विचारलं, तर म्हणाली तुमचा पसारा आवरत होते. मोठी कामसू बाई.

मी म्हटलं, या वेगाने डिसेंबर उजाडताच टोपी होईल. "घाई काय आहे?" म्हणाली. थंडी पडायला लागली आणि ही विचारते घाई काय आहे!

२ डिसेंबर, मंगळवार

आज काहीतरी विचित्र झालं. लिहू का नको असं झालंय.

सकाळी मी उलट टाक्यांचा पट्टा विणला. अख्खा पट्टा. हाताला लागत होता, बोट फिरवून पाहिलं होतं. संध्याकाळी लूम हातात घेतलं तर पट्टा नाही. सुलट ओळींवरच काम थांबलेलं. लोकर खुंटीला नीट अडकवलेली, हुक जागेवर.

म्हणजे मी विणलाच नाही? मग बोट कशावर फिरवलं? शपथेवर सांगतो, विणला होता. पण शपथेवर खोटं बोलणारे मी शेकड्यांनी पाहिलेत, आणि त्यांतल्या काहींना आपण खरंच बोलतोय असं वाटत असायचं.

इंदूला विचारलं नाही. विचारून काय, तिच्या तोंडावर काळजी बघायची?

५ डिसेंबर, शुक्रवार

टोपी वाढत नाही.

परवा डाव्या हाताची बोटं आडवी लावून मापली होती, दुमडलेल्या काठाच्या वर चार बोटं भरली. त्यानंतर रोज दोन्ही वेळा बसलो. आज पुन्हा चार बोटं. एकदा वाटलं, बोटंच जाड झाली असतील. हसू नये, खरंच वाटलं.

माझे थोरले बंधू असेच गेले. आधी किल्ल्या हरवायचे, मग जेवण झालेलं विसरायचे, शेवटी शेवटी मला पोस्टमन समजून "आमचं काही आहे का?" विचारायचे. वहिनींनी फार काढलं. तेव्हा मी देवाला सांगून ठेवलं होतं, हात घे, पाय घे, डोकं नको घेऊस. हात त्याने घेतला. आता डोक्याला हात घातलाय का?

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी चष्मा सापडेना. तो कपाळावर होता. पूर्वी यावर हसलो असतो.

छबूबाई फडकं मारता मारता म्हणाली, "काका, तुमची टोपी काय व्हती का न्हाई या साली? काकू तर दुपारच्याला…"

"छबू! दूध उतू गेलं बघ!" इंदू आतून ओरडली. छबूबाई पळाली. दूध उतू गेलेलं नव्हतं, कारण दूध यायचंच होतं. इंदूचंही वय झालंच की.

११ डिसेंबर, गुरुवार

मोनिका आली. हात उलटसुलट करून पाहिला, अंगठा आणि करंगळी जुळवायला लावली. जुळली. ती टाळ्या पिटायची बाकी राहिली. "काका, ही सुधारणा मी क्वचित बघते हो!" मला काय त्याचं? गेल्या आठवड्यापासून ही वहीसुद्धा मी उजव्या हाताने लिहितोय, ओळी सरळ येतात. पण ओळींत काय लिहिलंय ते डोक्याला माहीत नसेल तर सरळ अक्षराला काय चाटायचंय?

मग तिने टोपी उचलली आणि बोलून गेली, "एवढीच झाली?"

मी टोपी तिच्या हातातून काढून घेतली.

जाताना इंदू तिला फाटकापर्यंत सोडायला गेली. बराच वेळ दोघी कुजबुजत होत्या. इंदू डोळे पुसत होती. खिडकीतून दिसलं. म्हणजे हिलाही कळलंय. माझ्यासमोर बोलत नाही इतकंच.

१३ डिसेंबर, शनिवार

दोन कामं केली.

झटका आला तेव्हा ज्या मेंदूच्या डॉक्टरांनी पाहिलं होतं, त्यांच्या दवाखान्यात इंदू देवळात गेली असताना फोन केला. स्मरणशक्तीची तपासणी म्हणून येत्या शनिवारची वेळ घेतली. तिला काय सांगून बाहेर पडायचं ते नंतर ठरवू.

दुसरं, शौनकला फोन केला. पोरगा पुण्याला बोलावून बोलावून थकला होता. म्हटलं, मार्चमध्ये कायमचे येतो, घर विकू. तो इतका खूश झाला की मला रडू आलं. मी पोस्टमन-पोस्टमन करायला लागेन तेव्हा इंदू एकटी नको. वहिनींचे हाल मी पाहिलेत.

१५ डिसेंबर, सोमवार

शौनकने आईला सांगितलं. इंदूने मला एवढंच विचारलं, "मला न विचारता?"

या घराची वीट न् वीट तिने माझ्या पगारातून चिमटे काढून उभी केली. अंगणातली जाई तिने लावली. शेजारपाजार तिचा. भांडली असती तर बरं झालं असतं. ही गप्प. दिवसभर जाईपाशी बसून होती.

मी काय सांगणार तिला? माझं डोकं जायला लागलंय म्हणून सांगू? ते तोंडातून निघत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

एक युक्ती सुचली. पुराव्याशिवाय कोर्ट कुणाला वेडा ठरवत नाही, मी तरी स्वतःला का ठरवू?

उद्या सकाळी बसलो की उलट पट्टा विणायचा. शेवटच्या ओळीत फायलींना बांधतात तो लाल नाडा अडकवून गाठ मारायची. घरात तसल्या नाड्यांचं भेंडोळं आहे. आणि लगेच इथे लिहून ठेवायचं. संध्याकाळी नाडा आणि वही समोरासमोर. जो काय निकाल लागेल तो लागेल.

१७ डिसेंबर, बुधवार, सकाळी

उलट पट्टा विणून पूर्ण. वर लाल नाडा बांधला. गाठ उजव्या हाताने मारली, नीट बसली नाही, गुठळी झाली आहे. शुद्धीवर आहे. आजचा वार बुधवार. नाश्त्याला उपमा होता.

तोच दिवस, संध्याकाळी

सगळं क्रमाने लिहितो.

उठलो, चूळ भरली, लूम घेतलं. लाल नाडा शेवटच्या ओळीतच होता. खाली बोट फिरवलं. पट्टा नाही! सपाट. सुलट टाके. वही उघडली, तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: उलट पट्टा पूर्ण. म्हणजे नाडा बांधला हे खरं आणि पट्टा विणला हे मनाचं. आता मी न केलेलं काम केलं म्हणून लिहूनही ठेवायला लागलो. तसाच पलंगावर बसून राहिलो. बंधूंचा चेहरा समोर आला.

मग म्हटलं, नाडा तरी सोडून ठेवू. सोडायला गेलो आणि गाठ एका झटक्यात सुटली. सुरगाठ होती. दोन्ही टोकं सारखी, मध्ये छोटंसं फूल.

ही गाठ माझी नव्हे! माझी तर गुठळी होती. माझ्या या हाताला सुरगाठ सात जन्मांत जमणार नाही. उभा जन्म सह्या आणि अंगठे ताडून पाहिले, ही गाठ कुणाची ते मला आंधळेपणीही कळेल. माझ्या डब्याच्या फडक्याला रोज हीच गाठ असायची.

स्वयंपाकघरात गेलो. इंदू मेथी निवडत होती. नाडा तिच्यासमोर धरला.

"ही गाठ कुणाची?"

तिच्या हातातली जुडी गळून पडली. "माझी," म्हणाली. आणि मग घाईघाईने, "अहो, ओरडू नका. उसवताना नाडा खाली पडला. वाटलं तुमची खूण असेल, म्हणून परत बांधला."

"तू उसवतेस?"

"रोज. तुम्ही झोपलात की. सकाळचं निम्मंशिम्मं. खालचा फास खुंटीवर चढवायचा आणि वरचा ओढून घ्यायचा, काय अवघड आहे? टोपी झाली की व्यायाम बंद म्हणालात ना? तुमचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मोनिका म्हणाली होती, हे पहिले महिनेच हाताचे, आत्ता सोडलं तर बोटं तशीच राहतील. मग मी टोपीच होऊ दिली नाही."

ती मान खाली घालून बसली, आता घर डोक्यावर घेतलं जाणार म्हणून. आणि मी? मी खाली बसकण मारली, मेथीच्या पाल्यात, आणि तिचे दोन्ही खांदे धरले. "अगं, मी शहाणा आहे! इंदू, मी शहाणा आहे! मी पट्टा विणला होता!" हसतोय का रडतोय ते मला कळत नव्हतं.

"म्हणजे? तुम्हाला काय वाटत होतं?"

सांगितलं. बंधू, पोस्टमन, चार बोटं, पुणं, सगळं. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा असा झाला की मलाच भीती वाटली.

"आणि मला काय वाटत होतं माहीत आहे?" ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी पकडाल. आमटीत मीठ चिमूटभर कमी पडलं तर ज्यांना कळतं, त्यांना ओळी कमी झालेल्या कळणार नाहीत? तुम्ही गप्प. दुसऱ्या दिवशी गप्प. मग माझं धाबं दणाणलं. म्हटलं, यांच्या लक्षात येत नाही म्हणजे थोरल्या भावजींसारखं तर… म्हणून बघण्यासाठी अख्खा पट्टा उसवला. तरी गप्प! त्या दिवशी मोनिकाजवळ तेच रडले मी. आणि तुम्ही घर विकायला निघालात, तेव्हा तर खात्रीच झाली."

दोघंही मेथीत बसून इतके हसलो की छबूबाई मागच्या दाराने आली आणि तशीच परत गेली.

मेली बाई! दोन आठवडे जीव टांगणीला लावला माझा. पण खोटं कशाला लिहू, तिच्यावर रागवायला मनात जागाच नव्हती. छातीवरचा धोंडा उतरलाय. भूक लागली आहे. मेथीची भाजी दोनदा वाढून घेतली.

१८ डिसेंबर, गुरुवार

सकाळी दवाखान्यातून फोन आला. बाई विचारत होत्या, "शनिवारी एकाच पेशंटच्या नावाने दोन वेळा घेतल्या आहेत. एक त्यांनी स्वतः आणि एक त्यांच्या मिसेसनी. नक्की किती जण येणार?"

मी इंदूकडे पाहिलं, ती भिंतीकडे बघायला लागली.

दोन्ही रद्द करा म्हणणार होतो. इंदूने फोन घेतला आणि एक ठेवा म्हणाली. "एकदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या मला. नाहीतर हा किडा डोक्यातून जायचा नाही." बरोबर आहे. खरं तर माझ्याही डोक्यात एक कोपरा अजून धाकधूक करतोच आहे. चष्मा कपाळावर होता ते काही इंदूने केलेलं नव्हतं.

शौनकला कळवलं, पुण्याला येत नाही. म्हणाला, "बाबा, नक्की काय ते एकदा ठरवा." म्हटलं, ठरलं. जाईला पाणी कोण घालणार?

संध्याकाळी विणलं. इंदू शेजारी बसून बघत होती. आता टोपी झाल्यावर काय, असं तिने विचारलं नाही. मीच म्हटलं, पुढची लोकर मरून रंगाची आण. उसवायला काहीतरी पाहिजे ना तुला.

२० डिसेंबर, शनिवार

जाऊन आलो.

डॉक्टर भला माणूस. आज तारीख काय, आपण कितव्या मजल्यावर आहोत, शंभरातून सात वजा करत चला. घड्याळ काढायला लावलं, मी उजव्या हाताने काढलं, काटे लावले. मग म्हणाले, तीन शब्द सांगतो, थोड्या वेळाने विचारीन: चिंच, खुर्ची, पोपट.

मध्येच नाडी, रक्तदाब, हातापायाची ताकद. बोटं कशाने इतकी सुधारली विचारलं, तर इंदू म्हणाली, "उसवल्याने." डॉक्टरांना काही कळलं नाही. मी टोपीचा सगळा खटला त्यांना सांगितला. खुर्चीत मागे रेलून हसले. त्या सगळ्या वेळात इंदू माझ्या बाजूला काठावर बसलेली, ओठ हलतायत, पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून पांढरं पडलं बोट.

"हं, ते तीन शब्द?"

"चिंच, खुर्ची, पोपट," मी म्हटलं. म्हणताना आवाज कापला, हे लिहायला लाज वाटत नाही.

"बरोबर. स्मरणाची काही तक्रार दिसत नाही. चष्मा माझाही हरवतो."

इंदूने डॉक्टरांसमोरच मला हात जोडले. मला! मग तिचं तिलाच कळलं आणि तेच हात डॉक्टरांकडे वळवले.

रिक्षात बसल्यावर विचारलं, "आत काय पुटपुटत होतीस गं?"

"शब्द. तुम्ही अडलात तर खोकल्यासारखं करून सांगणार होते."

"मग?"

ती बाहेर बघायला लागली. दिल्ली गेट मागे पडलं. मग हळूच म्हणाली, "चिंच आणि खुर्ची होतं हो पाठ. तिसरा कुठे गेला ते कळेचना. तुम्ही पोपट म्हणालात, डॉक्टर बरोबर म्हणाले, तेव्हा मला समजलं तुम्ही पास झालात ते."

आधी मला हसू फुटलं. मग तिच्याकडे पाहिलं तर डोळ्यांत तीच धास्ती, जी दोन आठवडे माझ्या डोळ्यांत होती. म्हटलं, "अगं बाई, भीतीने सगळं विसरतं माणूस. चार बोटांच्या टोपीसाठी मी घर विकायला काढलं होतं की नाही?" तेव्हा कुठे हसली. शौनकला यातलं अक्षर सांगायचं नाही अशी मला शपथ घातली.

घरी आल्यावर ती जी बसली ती उठेना. चहा मी केला. दोन्ही हातांनी गाळला, एक थेंब सांडला नाही. पहिल्या घोटाला दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साखर घालायची राहिली होती. पण घाबरलं कुणीच नाही. तसाच प्यायलो, आणि दुसरा कप करायला इंदू उठली.